मदत हवी आहे: न्यू जर्सीत ओपिऑइड निधीसाठी छोट्या गटाने अर्ज कसा करावा?

नमस्कार. आम्ही मध्य न्यू जर्सीतले काही मराठी पालक. ओपिऑइड म्हणजे अफूसारख्या वेदनाशामक गोळ्यांचं व्यसन आणि फेंटानिल (अतिशय तीव्र ओपिऑइड) याबद्दल मराठी, गुजराती, हिंदीत सत्रं घ्यायची आहेत. नॅलोक्सोन (ओपिऑइडचा अतिडोस झाल्यास जीव वाचवणारं औषध) नाकात कसं फवारायचं हे आजी-आजोबांनाही दाखवायचंय. लाजेपोटी आपल्याकडे हा विषय घरातच दाबला जातो, म्हणून तो आपल्या भाषेत बोलला जाणं फार गरजेचं वाटतं.

ओपिऑइडच्या खटल्यांत औषध कंपन्यांसोबत झालेल्या तडजोडीतला निम्मा पैसा राज्याकडे, निम्मा काउंटी-नगरपालिकांकडे जातो, एवढं वाचलंय. काउंटीला ईमेल केलाय, उत्तर यायचंय. नॅलोक्सोनसाठी पैसे नकोत. १४ वर्षांवरील कुणालाही ते सहभागी फार्मसीत नाव न सांगता मोफत मिळतं. खर्च आहे तो हॉल, छपाई आणि प्रशिक्षक नर्सच्या मानधनाचा.

अडचण अशी की आमच्या गटाला ५०१सी३ (करमुक्त ना-नफा संस्था) दर्जा नाही. ओळखीचं एक मंडळ, ज्याला तो आहे, आमच्या वतीने पैसे स्वीकारायला तयार आहे, पण हिशेब-अहवाल आम्हीच सांभाळावेत अशी त्यांची अट आहे.

असा दुसऱ्या संस्थेच्या नावाने केलेला अर्ज तुमच्या काउंटीने मंजूर केलाय का? आणि पैसे आगाऊ मिळाले, की आधी खर्च करून बिलं द्यावी लागली?