नवरा-बायको दोघंच शेअरहोल्डर, खातं जॉइंट, डिव्हिडंड कसा काढायचा?

चाकण_जॉबवर्क:
नमस्कार मंडळी, आमची छोटी प्रायव्हेट लिमिटेड आहे, सीएनसी जॉबवर्क करतो. शेअर ७०:३०, सत्तर माझे तीस बायकोचे. यंदा (२०२५-२६) पहिल्यांदाच डिव्हिडंड, म्हणजे नफ्यातला शेअरहोल्डरचा वाटा, काढायचा विचार आहे, १० लाखाच्या आसपास. घरचं खातं दोघांचं एकच, हप्ते, किराणा, शाळेची फी सगळं तिथूनच जातं. तर १० लाख एकदमच त्यात टाकले आणि रिटर्नमध्ये निम्मे निम्मे दाखवले तर चालेल का? तिला दुसरं इन्कम नाही आणि नवीन टॅक्स रेजीममध्ये १२ लाखापर्यंत टॅक्स शून्य आहे, मग तिच्या नावावर जास्त दाखवलेलं बरं ना? सीए साहेब ऑडिटच्या गडबडीत आहेत, फोन लागत नाहीये.

हिशेबी_काकू:
निम्मे निम्मे विसरा हो. डिव्हिडंड शेअरवर मिळतो. ७०:३० म्हणजे ७ लाख तुमचे, ३ लाख वहिनींचे, विषय संपला. जॉइंट खात्यात द्यायला हरकत नाही, त्यांचं नाव आहे ना त्यात. फक्त एकच एन्ट्री नको, दोन वेगळ्या एनईएफटी करा आणि नॅरेशनमध्ये (एन्ट्रीच्या शेऱ्यात) नाव टाका. आणि टीडीएस, म्हणजे कंपनीने आधीच कापून भरायचा टॅक्स! वर्षाला १०,००० च्या वर गेलं की १० टक्के. म्हणजे तुम्हाला ६,३०,००० आणि त्यांना २,७०,००० हातात. त्यांचे ३० हजार रिटर्न भरल्यावर रिफंड येतील. टीडीएस पॅनवर जातो, त्यामुळे खातं एक असलं तरी एआयएसमध्ये (इन्कम टॅक्सकडच्या तुमच्या वार्षिक माहितीपत्रकात) दोघांचं वेगवेगळंच दिसणार, तिथे निम्मे निम्मे लगेच उघडं पडेल.

सीएस_सोलापूरकर:
काकूंशी सहमत. थोडं कंपनी कायद्याचं सांगतो, कारण घरचीच कंपनी म्हणून लोक हे सर्रास गाळतात. घसारा काढून उरलेल्या नफ्यातूनच डिव्हिडंड देता येतो, मागचा तोटा असेल तर तो आधी भरून काढा. अंतरिम (वर्षाच्या मध्येच दिलेला) असेल तर बोर्डाचा ठराव, फायनल असेल तर एजीएममध्ये (शेअरहोल्डरच्या वार्षिक सभेत) मंजुरी. जाहीर केल्यापासून ५ दिवसांत सगळी रक्कम शेड्युल्ड बँकेत वेगळ्या खात्यात टाकायची, आणि ३० दिवसांच्या आत शेअरहोल्डरला द्यायची. करंट अकाउंटमधून थेट घरच्या खात्यात नाही. रोख तर अजिबात नाही.

चाकण_जॉबवर्क:
बापरे, दोन माणसांसाठी वेगळं खातं? बरं, उघडतो. मग तिचे ३ लाख टॅक्स फ्री पक्के ना?

घरचा_जमाखर्च:
थांबा, खरी मेख पुढेच आहे. वहिनींनी ते ३० टक्के शेअर घेतले तेव्हा पैसे कुणाचे होते? तुम्ही दिले असतील तर क्लबिंग लागतं, म्हणजे त्यांचा डिव्हिडंडही तुमच्याच उत्पन्नात धरतात, आणि १२ लाखाचा सगळा हिशेब बोंबलतो. थेट शेअर न देता रोख दिली आणि तिने त्यातून शेअर घेतले, तरी सुटका नाही, मोहिनी थापर केसमध्ये सुप्रीम कोर्टाने हेच धरलंय. पाणी कुठल्या हौदात पडलं याच्याशी इन्कम टॅक्सवाल्यांना घेणं नाही, विहीर कुणाची ते बघतात.

चाकण_जॉबवर्क:
कंपनी काढली तेव्हा भांडवल १ लाख होतं, तिचे ३० हजार याच जॉइंट खात्यातून गेले. पण तेव्हा ती शाळेत नोकरीला होती आणि तिचा पगार यातच यायचा.

घरचा_जमाखर्च:
मग उत्तम, तेव्हाची स्टेटमेंट आत्ताच बँकेतून काढून ठेवा, जुनी मिळायला वेळ लागतो. पगाराच्या एन्ट्री, तिचा फॉर्म १६ (पगारावरच्या टीडीएसचा दाखला), आणि शेअरच्या पैशाची एन्ट्री एकत्र फाईल करा. यापुढे तिचं स्वतःचं एक वेगळं खातं उघडलंत तर आणखी बरं. नाहीतर उद्या तिच्या डिव्हिडंडमधून तुमच्या नावावर एफडी कराल आणि त्याच्या व्याजाचं क्लबिंग उलट तिच्याकडे जाईल.

पिंपरी_पाटील:
मूळ प्रश्नच विचारतो, डिव्हिडंड कशाला? तो टॅक्स भरून उरलेल्या नफ्यातून जातो. कंपन्यांच्या २२ टक्के टॅक्सच्या स्कीममध्ये सरचार्ज-सेस धरून २५.१७ टक्के, म्हणजे १० लाख वाटायला आधी १३ लाख ३६ हजार कमवावे लागतात. त्यापेक्षा दादा तुम्ही डायरेक्टर म्हणून पगार वाढवा, तो कंपनीच्या नफ्यातून टॅक्सच्या आधीच खर्च म्हणून वजा होतो.

चाकण_जॉबवर्क:
पगार तिलाही लावता येईल का? हिशेब तीच बघते.

हिशेबी_काकू:
येईल, पण कंपनीत तुमचे २० टक्क्यांच्या वर शेअर आहेत, त्यामुळे बायकोचा पगारही तुमच्यात क्लब होतो. अपवाद म्हणजे तो पगार तिच्या तांत्रिक किंवा व्यावसायिक पात्रतेच्या आणि अनुभवाच्या जोरावर मिळत असेल तर. तिचं शिक्षण काय, काम नेमकं काय, हे सीएंना विचारा. तोवर ठराव करू नका, ठराव झाला की ते ५ दिवस पळायला लागतात.

सीएस_सोलापूरकर:
आणि कंपनीचा टॅन (टीडीएस कापण्यासाठी लागणारा नंबर) आहे का ते बघून घ्या. टीडीएस पुढच्या महिन्याच्या ७ तारखेच्या आत भरायचा असतो, मार्चमध्ये कापला तर ३० एप्रिल.