नोकरी धरण्याआधी अ‍ॅप्रेंटिसशिप बघून घ्या
"कॅम्पसला काही लागलं नाही तर मिळेल ती नोकरी धर, वर्षभर अनुभव घे, मग पुढचं बघ," असं पदवीच्या शेवटच्या वर्षाला असलेल्या मुलांना बरेच जण सुचवतात. रिकामं बसू नये हे अगदी पटतं. पण त्यात एक दार बंद होतं, ते सहसा कुणी सांगत नाही. केंद्राच्या नॅट्स (नॅशनल अ‍ॅप्रेंटिसशिप ट्रेनिंग स्कीम) या, कंपनीत विद्यावेतनावर प्रशिक्षण देणाऱ्या योजनेतली पदवीधर अ‍ॅप्रेंटिसशिप एक वर्ष किंवा त्याहून जास्त अनुभव असलेल्यांना मिळत नाही. म्हणजे क्रम उलटा हवा, आधी अ‍ॅप्रेंटिसशिप आणि मग नोकरी. ही फक्त इंजिनिअरांसाठी असते असाही समज आहे, पण 2014 च्या दुरुस्तीनंतर बीए, बीकॉम, बीएस्सीवाल्यांनाही ती खुली झाली. 2019 च्या नियमांत पदवीधराला महिना किमान 9000 रुपये विद्यावेतन ठरलं, आणि त्या किमान रकमेचा निम्मा भार केंद्र उचलतं, त्यामुळे कंपन्याही तयार होतात. पुण्या-मुंबईत खोली भाड्याने घेऊन नुसत्या विद्यावेतनात भागत नाही, हे मात्र खरं. घराजवळची एमआयडीसी आधी बघा.

माझी भाची बीएस्सी केमिस्ट्री करून अशीच एका औषध कंपनीच्या क्यूसी लॅबमध्ये, म्हणजे मालाचा दर्जा तपासणाऱ्या प्रयोगशाळेत लागली. कॉलेजात टायट्रेशन (द्रावणाची तीव्रता मोजायचा प्रयोग) तिने ढिगाने केली होती, पण नोंदवहीतला चुकलेला आकडा गिरगटून खोडायचा नाही, एकच आडवी रेघ मारून शेजारी सही-तारीख टाकायची, हे तिला तिथे पहिल्याच आठवड्यात शिकवलं. पुढच्या मुलाखतीत तिला नेमकं हेच विचारलं. शेवटच्या सेमिस्टरलाच नॅट्सच्या पोर्टलवरच्या जागा बघायला लागा.