मदत हवी आहे : हॉस्टेलचं नेट ब्लॉक, लॅपटॉप नक्की किती साफ करावा लागेल?

कॉलेजच्या नेटवर्क विभागाने माझ्या लॅपटॉपचा मॅक अ‍ॅड्रेस (नेटवर्कवरची हार्डवेअर ओळख) ब्लॉक केलाय. मेलमधलं कारण : माझ्याकडून इतर मशीन्सच्या 445 पोर्टवर (विंडोज फाइल शेअरिंगचं दार) सतत स्कॅनिंग होत होतं. मशीन साफ करून लेखी कळवलं की ब्लॉक काढणार. साफ म्हणजे काय, ते मेलमध्ये नाही.

विंडोज 11 होम, एकच सी ड्राइव्ह. डिफेंडरच्या (विंडोजचा स्वतःचा अँटिव्हायरस) ऑफलाइन स्कॅनने एक ट्रोजन (साधा प्रोग्रॅम भासवून शिरणारा मालवेअर) काढला, नंतर मालवेअरबाइट्स या दुसऱ्या स्कॅनरला काही सापडलं नाही. तरीही रिअल-टाइम प्रोटेक्शनचं बटण करडंच, वर 'मॅनेज्ड बाय युवर अ‍ॅडमिनिस्ट्रेटर'. लॅपटॉप माझा स्वतःचा आहे, कसला अ‍ॅडमिनिस्ट्रेटर! डिफेंडरच्या एक्सक्लुजनच्या (स्कॅनमधून वगळायच्या जागांच्या) यादीत अख्खा सी ड्राइव्ह होता. तो काढला, तर रीस्टार्टनंतर पुन्हा हजर. टास्क शेड्युलरही (ठरल्या वेळी आपोआप चालणाऱ्या कामांची यादी) चाळला, पण तिथली सगळीच नावं मला संशयास्पद वाटतात.

त्यामुळे फॉरमॅटची तयारी आहे. मित्राच्या लॅपटॉपवर विंडोज इन्स्टॉल करायचा बूटेबल पेनड्राइव्ह बनवता येईल, एन्क्रिप्शनची रिकव्हरी की जवळ आहे, पासवर्ड फोनवरून बदललेत. अपडेट्ससाठी मोबाइल हॉटस्पॉट चालेल. नवीन हार्डडिस्क घ्यायचं बजेट मात्र नाही, मित्राची तात्पुरती मिळेल. प्रोजेक्ट रिपोर्ट, पायथन कोड आणि फोटो वाचवायचेत. सॉफ्टवेअर गेलं तरी हरकत नाही.

लिनक्सच्या लाइव्ह पेनड्राइव्हवरून (इन्स्टॉल न करता थेट चालणारं लिनक्स) फक्त या फाइल्स कॉपी केल्या तर मित्राची डिस्क सुरक्षित राहील का? आणि विंडोजमधलं 'रीसेट धिस पीसी' पुरेल, की डिस्कवरची सगळी पार्टिशन्स (डिस्कचे भाग) उडवूनच इन्स्टॉल करावं?