मदत हवी आहे: खाली केलेल्या गाडीला शॉकअप आणि स्ट्रट कोणते टाकू?

नमस्कार मंडळी,

माझी हॅचबॅक जुनी घेतलेली आहे. पुढे मॅकफर्सन स्ट्रट (स्प्रिंग आणि शॉकअप एकत्र), मागे टॉर्शन बीम (दोन्ही मागच्या चाकांना जोडणारा दांडा), म्हणजे मागची स्प्रिंग वेगळी आणि शॉकअप वेगळा. आधीच्या मालकाने स्प्रिंगा बदलून गाडी खाली केली, पण स्ट्रट आणि शॉकअप गाडीसोबत आलेलेच ठेवले. किती खाली केली विचारलं तर "पस्तीस की चाळीस मिमी असेल" एवढंच त्याला आठवतंय. स्प्रिंगवरचा नंबर गंजात गेलाय.

तक्रारी अशा: पुढचा डावा स्ट्रट तेल गाळतोय. नुसता ओलसर नाही, खालपर्यंत ओघळ आलाय. रस्ता लाटेसारखा असला की गाडीचं नाक दोन-तीनदा डोलून मग शांत होतं. आणि गंमत म्हणजे हीच डोलणारी गाडी लहानशा खड्ड्यात असा ठोका देते की दात वाजतात. स्पीडब्रेकर उतरताना मागून एकदाच 'टक्' असा आवाज येतो. मागच्या टायरवरून हात फिरवला तर उंचसखल लागतं.

गाडी ट्रॅकवर न्यायची नाही. मागच्या सीटवर बहुतेक वेळा आई असते आणि तिला कंबरेचा त्रास आहे. पण गाडीची बैठक मला आवडते, त्यामुळे मूळच्या उंच स्प्रिंगा परत टाकायची इच्छा नाही.

आतापर्यंत वाचून तीन पर्याय डोक्यात आहेत: केवायबी एक्सेल-जीसारखे मूळ धर्तीचे, बिलस्टाइन बी६ किंवा बी८, नाहीतर कोनीचे पिवळे स्पोर्ट. बी६ आणि बी८ मधला फरक कडकपणाचा आहे का? आणि चारही एकदम बदलावेत की आधी फक्त गळका डावा बदलून बघावं?

गिअरपाचवा:

कॉइलओव्हर (स्प्रिंग चढवलेला, उंची बदलता येणारा शॉकअप) टाका आणि मोकळे व्हा. हवी तेवढी उंची मिळेल.

तेलकट हात:

@गिअरपाचवा, उंची हवी तेवढी मिळेल, पण त्यांना उंची बदलायचीच नाही, ती आहे तशी आवडते. शिवाय अशा वेगळ्या स्प्रिंगच्या टॉर्शन बीमला मागे खरा कॉइलओव्हर बसत नाही. स्प्रिंग वेगळीच राहते, तिच्याखाली उंचीचा तुकडा येतो, बस.

धागाकर्ते, एकटा डावा बदलू नका. एका एक्सलवरचे दोन्ही एकदम बदलायचे, नाहीतर ब्रेक मारल्यावर आणि वळणावर गाडी दोन बाजूंना दोन तऱ्हेने वागते.

बी६ आणि बी८ मधला मुख्य फरक लांबीचा आहे. बी६ ची बॉडी मूळ लांबीची असते, बी८ ची आखूड, आणि ती लोअरिंग (गाडी खाली करणाऱ्या) स्प्रिंगांसाठीच केलेली आहे. तुमच्या गाडीत हाच मुद्दा सगळ्यात महत्त्वाचा आहे, कारण डोलणं आणि ठोका ही दोन वेगळी दुखणी आहेत असं मला वाटतं. डोलतेय ती तेल गेल्यामुळे. ठोका देतेय ती मात्र जागा संपल्यामुळे. समजा गाडी ३८ मिमी खाली गेली, की स्ट्रटचा रॉडही जवळजवळ तेवढाच आत जातो. मूळ स्ट्रटमध्ये बंप स्टॉपला (चाल संपते तिथला रबरी ठोकळा) लागेपर्यंत समजा ४५ मिमी चाल होती, तर आता ७ उरली. नवाकोरा आणि महागडा मूळ लांबीचा स्ट्रट टाकलात तरी ते ७ चे ७च राहणार.

म्हणून खरेदीच्या आधी दोन मापं घ्या. एक, चाकाच्या मध्यापासून फेंडरच्या कडेपर्यंत उभं अंतर, आणि तेच अंतर याच मॉडेलच्या न बदललेल्या गाडीचं. जमिनीपासून मोजू नका, टायरची झीज आणि हवा मध्ये येते. दुसरं, गाडी चाकांवर उभी असताना धुळीचं रबर वर सरकवून बंप स्टॉपच्या टोकापासून स्ट्रटच्या बॉडीपर्यंत किती फट आहे ते.

मागच्या 'टक्'साठी एक सोपी परीक्षा आहे. मागून गाडी जॅकवर घ्या, खाली स्टँड लावा, चाकं लोंबू द्या आणि स्प्रिंग हाताने फिरते का बघा.

धागाकर्ता:

मोजलं. मित्राची याच मॉडेलची गाडी मिळाली.

पुढे त्याची ३८५, माझी ३४७. मागे त्याची ३८०, माझी ३५०. म्हणजे पुढे ३८ आणि मागे ३० मिमी खाली. पुढे बंप स्टॉपखालची फट उजवीकडे ६ मिमी. डावीकडे मोजायला गेलो तर बंप स्टॉपचा चुराच हातात आला.

आणि हो, मागची स्प्रिंग फिरते. नुसती फिरत नाही, वर-खालीही बोटभर हलते.

तेलकट हात:

मग 'टक्' सापडलं. चाक लोंबलं की शॉकअप पूर्ण उघडतो, पण तुमची स्प्रिंग आखूड असल्याने तिथपर्यंत पोहोचत नाही. चाक खाली टेकताना ती परत बैठकीवर आदळते, तोच आवाज. आज फक्त आवाज आहे, उद्या स्प्रिंग जागेवरून सरकूही शकते, तेव्हा हे लांबणीवर टाकू नका. आखूड शॉकअप आधीच थांबतो आणि स्प्रिंग दाबलेली राहते. त्यामुळे मागे सुद्धा लोअरिंगचाच आखूड माल घ्या. मूळ लांबीचे सगळे पर्याय, म्हणजे एक्सेल-जी आणि बी६, माझ्या मते इथेच बाद.

रिबाउंड:

वरच्याशी सहमत, पण आईच्या कंबरेसाठी थोडी भर घालतो. लोअरिंग स्प्रिंग कडक असते म्हणून लोक सगळ्यात कडक शॉकअप शोधतात. हिशोब तसा नाही. लागणारं डॅम्पिंग (शॉकअपची हालचाल आवरण्याची ताकद) स्प्रिंगच्या कडकपणाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढतं. स्प्रिंग ३० टक्के जास्त कडक असेल तर डॅम्पिंग साधारण १४ टक्केच जास्त लागतं. तेही मुख्यतः रिबाउंडला, म्हणजे दाबलेली स्प्रिंग उसळते तेव्हा तिला आवरायला. रिबाउंड अति केलं तर एकापाठोपाठ खड्डे आले की चाकाला परत खाली यायला वेळच मिळत नाही. गाडी प्रत्येक खड्ड्याला थोडी थोडी खाली बसत जाते आणि शेवटी बंप स्टॉपवर टेकते. मग माणूस म्हणतो शॉकअप मऊ आहेत, अजून कडक हवेत!

बी८ मोनोट्यूब (एकाच नळीचा) आहे. आत नायट्रोजन बराच जास्त दाबाने भरलेला असतो, त्यामुळे गाडी एखाद-दोन मिमी उचलली जाऊ शकते. संथ हालचालींना तो घट्ट धरतो. वळणावर छान वाटतं, पण सावकाश चालवताना बारीक खडबड सीटपर्यंत येते. कोनी स्पोर्टमध्ये फक्त रिबाउंड बदलता येतो. स्प्रिंगचा नंबरच माहीत नाही, म्हणजे तिचा कडकपणाही माहीत नाही, अशा वेळी ही सोय कामाची. सगळ्यात मऊ सेटिंगपासून सुरू करा आणि डोलणं थांबेल तिथे थांबा. मात्र काही मॉडेलांत मागचा शॉकअप सोडवून, पूर्ण दाबून, मग फिरवूनच सेटिंग बदलता येतं. आपल्या गाडीचा कसा आहे ते आधी बघा, नाहीतर दर रविवारी तेच काम. कोनीच्या यादीत तुमच्या मॉडेलसमोर किती मिमी खाली केलेल्या गाडीला चालेल हे लिहिलेलं असतं, ते ३८ ला बसतं का तेही तपासा.

मी असतो तर कोनी घेतले असते.

तेलकट हात:

मी बी८ घेतले असते, पण आई मागे बसणार असेल तर रिबाउंडभाऊंचं ऐका.

स्ट्रट उतरवताय तर वरचं माउंटिंग, त्याचं बेअरिंग आणि नवे बंप स्टॉप त्याच वेळी टाका. बंप स्टॉप कापायचा असेल तर स्प्रिंग किंवा शॉकअपच्या कागदावर सांगितलं असेल तेवढाच, आणि निमुळतं टोक राखून जाड बाजूने. पूर्ण काढून टाकू नका, तो नसला तर आतला पिस्टन थेट बुडाशी आदळतो. रॉड पक्कडीने धरू नका. क्रोमवर ओरखडा पडला की तेवढ्याने सील फाटतं आणि नवा स्ट्रट महिनाभरात ओला. स्प्रिंग कॉम्प्रेसर चांगला नसेल तर ते काम गॅरेजलाच द्या, दाबलेली स्प्रिंग सुटली तर माणूस जातो.

रबरी बुशांचे बोल्ट गाडीचं वजन चाकांवर आल्यावरच शेवटचे आवळायचे. हवेत आवळले तर बुश कायम पिळलेला राहतो आणि लवकर फाटतो. आणि शेवटी अलाइनमेंट, टाळू नका.

धागाकर्ता:

उशिरा लिहितोय. कोनी स्पोर्ट घेतले. यादीत माझ्या गाडीला ४० मिमीपर्यंत चालतील असं होतं. स्ट्रटची जोडणी गॅरेजमध्ये करून घेतली, बाकी मित्राबरोबर घरीच. पुढे मऊ टोकापासून अर्धा फेरा, मागे पूर्ण मऊ.

पुढच्या रॉडवर एक बारीक झिप टाय घट्ट बांधून ठेवला होता, चाल किती वापरली जाते ते कळावं म्हणून. आठवडाभर नेहमीच्या रस्त्यांवर चालवल्यावर तो बंप स्टॉपच्या टोकापासून ९ मिमीवर थांबलाय. म्हणजे रोजच्या खड्ड्यांत तरी गाडी टेकत नाही. मागचं 'टक्' गेलं, स्प्रिंग आता हाताने हलत नाही. डोलणंही गेलं.

पण एक नवीन सुरू झालंय. उभ्या गाडीत स्टिअरिंग पूर्ण उजवीकडे नेलं की पुढून 'टंग' असा तारेसारखा आवाज येतो. बेअरिंग नवीन आहे.

तेलकट हात:

स्प्रिंगचं खालचं टोक बैठकीच्या खाचेत टेकलंय का बघा, दोन्हीकडे.

धागाकर्ता:

उजवीकडे बोटभर मागे होतं. परत सोडवून फिरवून बसवलं, आवाज बंद.