अपाचेपुढे एचटीटीपीएससाठी हलका प्रॉक्सी ठेवावा का?

प्रश्न (नारायण पेठ, पुणे)

नमस्कार. अप्पा बळवंत चौकातील एका पुस्तकविक्रेत्याच्या संकेतस्थळाची देखभाल मी करतो. २ जीबी मेमरीच्या भाड्याच्या सर्व्हरवर अपाचे (पाने ब्राउझरकडे पाठवणारे सॉफ्टवेअर) आणि पीएचपी (पाने तयार करणारी भाषा) चालते व एचटीटीपीएसचे, म्हणजे कूटबद्ध जोडणीचे, कामही अपाचेच करतो. वर्षभर तक्रार नसते. मात्र जूनमध्ये शाळा सुरू होताना पालक एकाच वेळी पाठ्यपुस्तकांच्या याद्या उघडू लागले की पान यायला मिनिटभर लागते आणि अखेरीस सर्व्हर बंद करून पुन्हा सुरू करावा लागतो. त्या वेळी प्रोसेसरवर फारसा ताण नसतो, पण मेमरी संपून स्वॅप, म्हणजे मेमरी अपुरी पडल्यावर वापरली जाणारी डिस्कवरील जागा, भरलेला असतो. अपाचेपुढे एन्जिनएक्ससारखा हलका प्रॉक्सी, म्हणजे ग्राहकाच्या मागण्या आधी स्वतः घेऊन मागे अपाचेकडे देणारा मध्यस्थ सर्व्हर, ठेवून कूटबद्धीकरण त्याच्याकडे सोपवावे, असा सल्ला मला मिळाला आहे. एकाच यंत्रावर दोन सर्व्हर चालवल्याने भार कमी कसा होईल, हे कृपया कोणी समजावून सांगेल का? जुन्या पीएचपी कोडमुळे अपाचेची प्रीफोर्क पद्धत (प्रत्येक जोडणीसाठी स्वतंत्र प्रक्रिया) सध्या बदलता येत नाही.

उत्तर (कोथरूड)

सल्ला योग्य आहे, परंतु त्यामागचे कारण वेगळे आहे. आजच्या प्रोसेसरमध्ये एईएस या कूटबद्धीकरण पद्धतीसाठी खास अंगभूत आज्ञा असतात, त्यामुळे कूटबद्धीकरण स्वस्त पडते. महाग असते ती जोडणीच्या सुरुवातीला दोन्ही बाजू किल्ली ठरवतात ती हस्तांदोलनाची (हँडशेक) पायरी, आणि तीही आपल्याकडे अडचणीची दिसत नाही, कारण तशी असती तर प्रोसेसर व्यस्त दिसला असता.

आपली खरी अडचण प्रीफोर्कची आहे. त्यात प्रत्येक जोडणीमागे एक पूर्ण प्रक्रिया अडकते आणि त्या प्रत्येक प्रक्रियेत सगळे पीएचपी भरलेले असते. पान पाव सेकंदात तयार झाले, तरी ते एखाद्या पालकाच्या मोबाइलवर संथ नेटवर्कमधून उतरेपर्यंत आणि त्यानंतर किपअलाइव्हमुळे (जोडणी उघडी ठेवण्याच्या सोयीमुळे) पुढील मागणीची वाट पाहत आणखी ५ सेकंद, ती अवजड प्रक्रिया काहीही न करता मेमरी धरून बसते. मुखपृष्ठाचे एखादे चित्र पाठवायलाही तीच प्रक्रिया लागते. एक प्रक्रिया ४५ एमबी घेते असे धरले आणि कमाल मर्यादा डेबियनच्या मूळ मांडणीप्रमाणे १५० असली, तर ६.७५ जीबी मेमरी लागेल. आपल्याकडे तर २ जीबीच आहे.

एन्जिनएक्स २००४ मध्ये प्रसिद्ध झाला तो नेमक्या याच अडचणीवरचा उपाय म्हणून. मोजक्या प्रक्रियांमध्ये तो हजारो जोडण्या सांभाळतो. निष्क्रिय अशा १०,००० साध्या एचटीटीपी जोडण्यांना सुमारे २.५ एमबी मेमरी लागते, असे त्याच्या अधिकृत संकेतस्थळावर नमूद आहे. टीएलएसमुळे (एचटीटीपीएसमागील कूटबद्धीकरणाच्या नियमावलीमुळे) हा आकडा बराच वाढतो, तरीही अपाचेशी त्याची तुलना होत नाही. तो अपाचेकडून उत्तर झटकन घेऊन स्वतःच्या बफरमध्ये ठेवतो, अपाचेची प्रक्रिया लगेच मोकळी होते आणि संथ ग्राहकाची वाट पाहण्याचे काम हलक्या प्रक्रियेकडे जाते. चित्रे आणि सीएसएस (पानाच्या मांडणीच्या फाइली) एन्जिनएक्सलाच थेट पाठवू द्यावे, अपाचेतील किपअलाइव्ह बंद करावे आणि कमाल प्रक्रिया २५ ते ३० च्या दरम्यान ठेवाव्यात. ही शेवटची मर्यादा प्रॉक्सी बसवण्याआधी, आजच घालावी, अशी माझी आग्रहाची विनंती आहे.

उत्तर (विमाननगर)

वरील विवेचनाशी मी सहमत आहे. एचएप्रॉक्सी या दुसऱ्या प्रॉक्सीतही १.५ या आवृत्तीपासून, म्हणजे २०१४ पासून, टीएलएसची सोय आहे. पण तो स्वतः फाइली पाठवत नाही, म्हणून आपल्यासाठी एन्जिनएक्सच बरा.

मला सुरक्षिततेविषयी थोडे सांगायचे आहे. अपाचेने फक्त १२७.०.०.१ या, म्हणजे त्याच यंत्राच्या अंतर्गत, पत्त्यावर, समजा ८०८० पोर्टवर, ऐकावे. नाहीतर प्रॉक्सीला वळसा घालून कूटबद्धीकरणाविना कोणीही आत येऊ शकेल. ग्राहकाचा खरा पत्ता एक्स-फॉरवर्डेड-फॉर या शीर्षातून (मागणीसोबत जाणाऱ्या माहितीच्या ओळीतून) मागे अपाचेकडे पाठवावा, मात्र ग्राहकाने स्वतः पाठवलेल्या मूल्याला नवा पत्ता जोडू नये, ते मूल्य पूर्ण बदलावे, कारण ते शीर्ष कोणालाही खोटे लिहून पाठवता येते. टीएलएस १.० आणि १.१ या आवृत्त्या २०२१ मध्ये अधिकृतपणे कालबाह्य ठरल्या आहेत, तेव्हा १.२ आणि १.३ एवढ्याच चालू ठेवाव्यात.

प्रश्नकर्ता

आपणा दोघांचा मनःपूर्वक आभारी आहे. मर्यादा २५ केली आणि चाचणीसाठी एन्जिनएक्स बसवला. मेमरी आता स्थिर आहे. तीन अडचणी मात्र उरल्या आहेत: खरेदीचे पान पुन्हा पुन्हा स्वतःकडेच वळते आणि ब्राउझर शेवटी त्रुटी दाखवतो, काही अँड्रॉइड फोनवर प्रमाणपत्र अविश्वसनीय असल्याची सूचना येते, आणि अपाचेच्या नोंदींत सगळे ग्राहक १२७.०.०.१ असेच दिसतात.

उत्तर (कोथरूड)

प्रॉक्सी आणि अपाचे यांच्यामधील संवाद साध्या एचटीटीपीत होतो, त्यामुळे आपल्या पीएचपीला ग्राहक असुरक्षित मार्गाने आला असे वाटते आणि ते त्याला एचटीटीपीएसकडे वळवत राहते. एन्जिनएक्समधून एक्स-फॉरवर्डेड-प्रोटो हे शीर्ष पाठवा आणि अपाचेत सेटएनव्हइफ या आज्ञेच्या आधारे, त्या शीर्षाचे मूल्य एचटीटीपीएस असल्यास एचटीटीपीएस नावाचे चल 'ऑन' करा. कोडला हात लावावा लागणार नाही.

फोनवरील सूचना येते ती मधले प्रमाणपत्र (आपले प्रमाणपत्र मूळ विश्वासू संस्थेशी जोडणारे) पाठवले जात नसल्यामुळे. संगणकावरील ब्राउझर ते अनेकदा आधीच साठवून ठेवतात, म्हणून तेथे दोष लपतो. एन्जिनएक्सला संपूर्ण साखळीची फाइल द्या. तसेच लेट्स एन्क्रिप्ट या मोफत प्रमाणपत्रे देणाऱ्या संस्थेचे ९० दिवसांचे प्रमाणपत्र असल्यास, नूतनीकरणानंतर एन्जिनएक्स रीलोड करणारी आज्ञा त्याच कामाला जोडून ठेवा. अन्यथा नवी फाइल डिस्कवर आलेली असूनही तो मेमरीतील जुनेच प्रमाणपत्र दाखवत राहील.

नोंदींसाठी अपाचेचे रिमोटआयपी मॉड्यूल सुरू करून त्यात १२७.०.०.१ हा विश्वासू प्रॉक्सी म्हणून लिहा, आणि नोंदीच्या नमुन्यात टक्के-एच (%h) ऐवजी टक्के-ए (%a) घाला. हा बदल केला नाही, तर अपाचेच्या काही जुन्या आवृत्त्यांत मॉड्यूल नीट चालत असूनही नोंदींत प्रॉक्सीचाच पत्ता येत राहू शकतो.