बेळगावात अनगोळला नवीन घर, पुढे-मागे थोडी जागा : मृगाआधी कोणती झाडं लावू?

अनगोळकरीण

नमस्कार. मार्चमध्ये आमच्या घराची वास्तुशांत झाली. तीस-चाळीसची साइट, तोंड पूर्वेला. पुढे गेटपासून पायरीपर्यंत सहा फुटांची पट्टी उरली आहे, मागे मोरीच्या बाजूला आठ फूट. पुढे अकरापर्यंत ऊन असतं, मागे दुपारनंतर कडक. वर तांबडा मुरूम, खाली बांधकामाचा राडारोडा. पुढच्या कोपऱ्यात पाण्याचा संप (जमिनीखालची टाकी) आहे आणि नळाला चार-पाच दिवसांनी पाणी येतं. सासूबाईंना देवाला रोज फुलं हवीत, मला स्वयंपाकापुरतं काहीतरी घरचं हवं आहे आणि ह्यांच्या मनात नारळ आणि आंबा दोन्ही आहेत. मुलगी तीन वर्षांची, हाताला लागेल ते तोंडात घालते. नर्सरीत गेलो तर त्यांनी एवढी नावं सांगितली की काहीच न घेता परत आलो. थोडीच लावायची आहेत, पण जगणारी हवीत.

टिळकवाडीतले काका

ताई, काही न घेता परत आलात हे फार चांगलं केलंत. आधी जागा तपासा. पुढे एक आणि मागे एक असा दीड फुटाचा खड्डा काढा, संध्याकाळी पाण्यानं भरा. ते जिरलं की परत भरा आणि सकाळी बघा. दुसऱ्यांदा भरलेलं पाणी सकाळी तसंच असेल तर तिथे पपई, लिंबू, डाळिंब काहीच टिकणार नाही. आपल्याकडची झाडं उन्हानं जेवढी मरत नाहीत तेवढी जुलैच्या झडीनं मरतात. पंधरा-पंधरा दिवस ऊन नाही, माती ओली गच्च. मुळं आत कुजतात आणि पानं मात्र ऑगस्टमध्ये पिवळी पडतात. मग आपण खत घालत बसतो.

दुसरी परीक्षा एप्रिलची. चार-पाच दिवसांनी पाणी म्हणजे रोज पाणी मागणारं झाड नकोच. झडीत आणि एप्रिलमध्ये, दोन्ही वेळा तग धरेल तेच आपलं. पुस्तकातले, व्हिडिओतले सल्ले पुण्या-नाशकाच्या हिशेबानं असतात. आपला जिल्हा एक, पण कणकुंबीला पाऊस कोकणासारखा आणि अथणीकडे दुष्काळी. बेळगाव मध्ये, ७५० मीटरच्या आसपास उंचीवर, त्यामुळे थंडीही बऱ्यापैकी.

नारळ नको. माडाचा विस्तार वीस-पंचवीस फुटांचा. झावळी आणि नारळ शेजाऱ्याच्या पत्र्यावर पडायला लागले की संबंध बिघडतात. संपाजवळ वड-पिंपळाच्या जातीतलं काही नको, शोभेचा रबर प्लांटसुद्धा नको. मुळं पाण्याच्या ओढीनं सिमेंट फोडून आत येतात.

खानापूर रोड

काकांनी बरोबर सांगितलं. मी एक माझी चूक सांगतो. चार वर्षांपूर्वी चिकूचं कलम आणून लावलो. झाड जोरात वाढलं, घरचे सगळे खूश. दोन वर्षं झाली तरी फूल नाही. आमच्या मामांनी पान हातात घेऊन बघितलं आणि म्हणाले, ही खिरणी हाय की रे! चिकूचं कलम खिरणीवर बांधतात. वरची चिकूची काडी मेली होती आणि खालची खिरणी वाढत होती. चिकूचं पान टोकाला निमुळतं आणि फांदीच्या शेंड्याला झुबक्यानं येतं. खिरणीचं टोक गोलसर, बऱ्याचदा मधे जरासं खाचलेलं. नर्सरीवाल्याचा दोष किती आणि माझा किती ते सोडा, पण कुठलंही कलम घेताना जोड बोटानं चाचपून बघा. जोडाच्या खालून फुटवा आला की त्याच दिवशी खुडायचा. लावताना जोड मातीच्या वर चार बोटं राहिला पाहिजे.

आणि एक. बरीच रोपं आंध्रातल्या कडियमकडून येतात, चिकट मातीच्या गोळ्यात बांधलेली. तो गोळा तसाच मुरमात पुरला तर बाहेरची माती सुकते आणि आतला चिखल सुकत नाही. बादलीभर पाण्यात गोळा भिजवून निम्मी माती हलक्या हातानं सोडवा, मग लावा.

वडगावची वहिनी

फुलांचं मी सांगते. सासूबाईंना बारा महिने फूल हवं असेल तर एका झाडाच्या भरवशावर राहू नका. गावठी लाल जास्वंद आणि तगर हा रोजचा आधार, दोन्ही पावसाला घाबरत नाहीत. मोगरा उन्हाळ्याचा. त्याला निदान पाच-सहा तास ऊन लागतं, म्हणून मागच्या बाजूला लावा. जानेवारीत पानं काढून छाटायचा, पंधरा दिवस पाणी तोडायचं, मग शेणखत घालून पाणी चालू करायचं. मार्चपासून कळ्या धरतात. शेवंती दिवाळीच्या पुढे फुलते, पण झडीत कुजते, म्हणून ती कुंडीत ठेवून जुलैमध्ये पत्र्याखाली घ्या.

पुढच्या पट्टीत अबोली लावा. सकाळचं ऊन तिला पुरतं आणि गजऱ्यालाही होते. पहिल्या वर्षी मी दोनच रोपं लावली होती. पावसाचे थेंब पडले की तिची वाळलेली बोंडं टक टक फुटतात, ओसरीत बसलं तरी आवाज येतो आणि बी हातभर लांब उडतं. आता पायरीच्या फटीतसुद्धा अबोली आहे, मी कुणालाही रोपं द्यायला तयार असते.

कण्हेर मात्र लावू नका. लाल असो, पिवळी असो, पान-फूल-बी सगळं विषारी. देवाला चालते म्हणून लोक लावतात, पण तीन वर्षांचं मूल असलेल्या घरात नकोच.

निपाणीहून

आमची काळी जमीन, आमच्याकडे उलटा त्रास. उन्हाळ्यात भेगा, पावसात चिखल. मुरमावर नुसती काळी माती पसरू नका, थर वेगळा राहतो आणि पाणी मधेच अडतं. तांबडी माती आणि कुजलेलं शेणखत मुरमात कालवून घ्या. शेणखत ताजं नको, हुमणी (मुळं खाणारी अळी) येते.

अनगोळकरीण

सगळ्यांचे खूप आभार. काल खड्डे काढले. पुढचा सकाळपर्यंत कोरडा होता, मागचा मोरीजवळचा अर्धा भरलेलाच. नारळाचं ह्यांना पटलं. आंब्याचं मात्र मन होत नाही. नर्सरीवाले म्हणतात आम्रपाली लावा, बुटकी राहते. आणि मागे मग काहीच लावायचं नाही का?

टिळकवाडीतले काका

आम्रपाली बुटकी राहते हे खरं. पण ती उशिरा तयार होते. आपल्याकडे हापूसच मे अखेरीपर्यंत जातो. त्यापुढची फळं मृगाच्या पावसात सापडतात आणि फळमाशी लागते. वरून छान दिसणारा आंबा कापला की आत अळ्या. साहेबांना आंब्याची हौसच असेल तर रत्ना बघा. नीलम आणि हापूसचा संकर, वेंगुर्ल्याच्या फळ संशोधन केंद्रानं १९८१ साली दिलेला. त्यात हापूससारखा साका (आतला गर पांढरट, खराब होणं) होत नाही. पण आठ फुटांत तो दरवर्षी छाटावा लागेल. मला विचाराल तर तिथे सरदार पेरू लावा. त्याला लखनौ ४९ म्हणतात, पण निवड झाली ती पुण्याच्या गणेशखिंडीत, १९२७ साली. छाटणी सोसतो, एप्रिलही सोसतो आणि तुमच्या मुलीच्या हाताला लवकर लागेल. फक्त तो मोरीपासून लांब, कोरड्या टोकाला, फूटभर उंच वरंब्यावर.

मोरीजवळचं पाणी वाया घालवू नका. तिथे वडीचं अळू आणि एक केळ. दोघांनाही ओल हवीच असते. साबणाचं पाणी मात्र थेट बुंध्यात सोडू नका, एक हात लांबून वळवा. कढीपत्ता पुढे, संपापासून दूर. पहिलं वर्ष त्याची पानं ओरबाडू नका, शेंडा खुडा म्हणजे फुटवे येतील.

वडगावची वहिनी

ताई, अबोलीची रोपं माझ्याकडून न्या, विकत घेऊ नका. मृगाचा पहिला पाऊस पडून माती दोन बोटं ओली झाली की या. येताना ओलं फडकं आणि एक जुनी टोपली आणा.