दुर्लक्षित अल्बम: गाणी भारी की कहाणी?

तिसरी_तार:
'अन्याय झालेला महान अल्बम' या प्रकाराचा मला आताशा संशय येतो. अमेरिकेतल्या मेम्फिसच्या बिग स्टार या रॉक बँडचा १९७२चा पहिला अल्बम घ्या. गाणी गोड आहेत, नाही म्हणत नाही. पण बँडचा गिटारवादक-गायक क्रिस बेल २७व्या वर्षी अपघातात गेला, बँड कधीच चालला नाही, हे आधी कानावर पडलेलं असतं. मग गिटारच्या प्रत्येक सुरात आपल्याला हुंदका ऐकू येतो. लोकांनी नाकारलं असेल, तर काहीतरी कमी असेलच की.

बी_साइड:
नाकारलं? रेकॉर्ड दुकानात होतीच कुठे! समीक्षकांनी डोक्यावर घेतला होता तो अल्बम. स्टॅक्स या रेकॉर्ड कंपनीकडे वितरण होतं, तिथे घोळ झाला. पुढे कोलंबिया ही मोठी कंपनी मध्ये आली, तरी त्यांच्या १९७४च्या दुसऱ्या अल्बमचं, 'रेडिओ सिटी'चं, तेच. माल पोचलाच नाही, तर गिऱ्हाईकाला नावं ठेवून काय उपयोग?

तिसरी_तार:
बरं, बिग स्टार सोडला. पण डेट्रॉइटच्या 'डेथ' या बँडचं काय? तीन हॅकनी भाऊ, १९७५चं रेकॉर्डिंग, रेकॉर्ड कंपनीने बँडचं नाव बदला म्हटल्यावर साफ नकार, अल्बम बाहेर आला थेट २००९ मध्ये. लगेच 'पंकच्या (म्हणजे वेगवान, रांगड्या रॉकच्या) आधीचा पंक' म्हणून आरत्या सुरू. अहो, त्याच परिसरात स्टूजेस आणि एमसी५ या तशाच रांगड्या बँडचे पहिले अल्बम १९६९लाच आले होते!

फझ_पेडल:
'पहिले कोण' हा वाद पत्रकारांना लखलाभ. सात गाणी, अर्ध्या तासाच्या आत खेळ खल्लास. 'पॉलिटिशियन्स इन माय आइज' लावा, मधे सगळं थांबून ताल पुन्हा उसळतो तिथे कान द्या. कहाणीची गरजच पडत नाही. आणि सोल संगीताची कंपनी मोटाउन जिथली, त्या गावात कृष्णवर्णीय पोरांनी सोल सोडून हे वाजवणं, याला जिगर लागते.

बी_साइड:
+१. कहाणीमुळे नुकसान झाल्याचंही उदाहरण आहे. प्रिटी थिंग्ज या ब्रिटिश बँडचा 'एस. एफ. सॉरो' डिसेंबर १९६८चा. एका माणसाची जन्म ते म्हातारपण अशी गोष्ट, सलग अल्बमभर. तशीच सलग गोष्ट सांगणारा, द हू या ब्रिटिश बँडचा 'टॉमी' मे १९६९चा. अमेरिकेत मात्र 'सॉरो' 'टॉमी'नंतर पोचला, आणि आधी आलेलाच नक्कल ठरला.

तिसरी_तार:
आधी आला म्हणून चांगला होत नाही. कव्हरवरचा मजकूर वाचल्याशिवाय 'सॉरो'ची गोष्ट मला तरी कळली नाही. 'टॉमी'तली निदान माणसं लक्षात राहतात. (हो, 'टॉमी'चीही गोष्ट धड नाही, माहितीय.)

फझ_पेडल:
मग स्लिंट या अमेरिकन बँडचा 'स्पायडरलँड' (१९९१) सांगा. अल्बम यायच्या आधीच बँड फुटला होता. सहा गाणी, बराचसा भाग नुसतं पुटपुटणं, आणि शेवटच्या गाण्यात गायक जो ओरडतो... पुढे मोग्वाईसारख्या बँडनी याच वाटेवर संसार थाटले.

तिसरी_तार:
'स्पायडरलँड'बद्दल मी भांडणार नाही. तो मी काहीही माहीत नसताना ऐकला होता, रात्री, आणि दिवा लावावा लागला.

बी_साइड:
सापडलात! कहाणी माहीत नसताना भिडला ना?

तिसरी_तार:
एक. बाकीच्यांवर अजून अडून आहे. 'रेडिओ सिटी' मात्र पुन्हा लावतोय, या वेळी कव्हर न वाचता.